घरातली शिकवणी

‘तू ख्रिश्चन आहेस? मग इतकं चांगलं मराठी कसं काय बोलतेस?’

होस्टेलला आल्यापासून गेल्या अडीच वर्षांत हा प्रश्न मला इतक्या वेळा विचारला गेलाय, की नोंद ठेवली असती तर एव्हाना एक जर्नल भरलं असतं, आणि तेही वेळेवर सबमिट झालं असतं! विचारणाऱ्यांचा तसा दोष नाही. सिनेमातला ख्रिश्चन माणूस नेहमी मोडकंतोडकं हिंदी बोलतो आणि त्याच्या पोरी फ्रॉक घालून फिरतात. त्यातून माझी शाळा कॉन्व्हेंट. त्यामुळे मी घरी सामवेदी बोली बोलते आणि देवाशी मराठीत बोलते, हे पटकन कुणाला खरं वाटत नाही.

मित्रमैत्रिणींनो, मी वसईची. चिमाजीअप्पांनी १७३९ साली वसईचा किल्ला घेतला, पोर्तुगीज गेले, पण त्यांच्या काळात ख्रिस्ती झालेले शेतकरी-बागायतदार तिथेच राहिले. शेत तेच, विहीर तीच, बोलीही तीच. २०२० च्या उस्मानाबादच्या (आताच्या धाराशिवच्या) साहित्य संमेलनाचे अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो आमच्या वसईचेच. आणि त्याच्याही फार फार आधी, १६१६ साली, फादर स्टीफन्स नावाच्या इंग्रज धर्मगुरूंनी गोव्यात ‘ख्रिस्तपुराण’ छापलं. जवळजवळ अकरा हजार ओव्या, मराठीत! जुनी पुराणं ज्यांच्या हातून सुटली होती, त्या नव्या ख्रिस्ती लोकांना आपल्या भाषेत ऐकायला-म्हणायला काहीतरी हवं होतं, म्हणून. तेव्हा ‘मराठी कसं काय’ याचं माझं उत्तर आता पाठ झालंय : चारशे वर्षांची प्रॅक्टिस आहे.

पण हा लेख मराठीबद्दल नाही. हा लेख आमच्या घरात यंदाच्या दिवाळीच्या सुट्टीत जे चाललं होतं त्याबद्दल आहे.

माझ्या ताईचं लग्न ठरलंय. मुलगा तिच्या ऑफिसमधला, डोंबिवलीचा, हिंदू. माणूस म्हणून नाव ठेवायला जागा नाही. माझ्या एम-थ्रीच्या गणितांना फोनवरून मदत करतात, म्हणजे मी तर आधीच त्यांच्या पार्टीत गेले. दोघांनी दोन वर्षं वाट पाहिली, घरच्यांनी आधी नाही म्हटलं, मग बघू म्हटलं, मग हो म्हटलं. सगळं रीतसर झालं. लग्न आमच्या चर्चमध्ये लागणार आणि मग डोंबिवलीला रिसेप्शन.

आता इथे एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. कॅथलिक मुलीला किंवा मुलाला बाप्तिस्मा न झालेल्या माणसाशी चर्चमध्ये लग्न करायचं असेल, तर बिशपांची खास परवानगी लागते. आणि ती मिळण्याआधी कॅथलिक जोडीदाराला एक वचन द्यावं लागतं : मी माझी श्रद्धा सोडणार नाही, आणि मुलांचा बाप्तिस्मा होऊन ती याच श्रद्धेत वाढावीत यासाठी माझ्याकडून होईल ते सगळं करीन. पूर्वी हे वचन दोघांनाही द्यावं लागे. १९७० साली पोप सहावे पॉल यांनी ते बदललं. आता वचन फक्त कॅथलिक बाजूनं द्यायचं, दुसऱ्या बाजूला त्याची स्पष्ट कल्पना द्यायची. म्हणजे फसवाफसवी नको.

फादरांनी हे सगळं दोघांना बसवून समजावून सांगितलं. भावोजी म्हणाले, मला चालेल. त्यांच्या आईनं, म्हणजे काकूंनी, एकच विचारलं, ‘मुलांना आमच्याकडच्या गणपतीला आलेलं चालेल ना?’ ताई म्हणाली, ‘काकू, मोदकांना मीच पहिली येईन.’ सगळे हसले. वाटलं, झालं!

पण घरी आल्यावर पप्पा गप्प. पप्पा सहसा बोलतात ते लोकलबद्दल किंवा विहिरीच्या पाण्याबद्दल. त्या रात्री जेवताना एकदम म्हणाले, ‘तू सही करशील गं. पण शिकवणार कोण? तू आठला निघणार, आठला येणार. घरात दुसरं कुणी माळ हातात घेणारं नाही. त्या पोरांना नमो मारिया कुठून येणार?’

ताई रडली नाही की चिडली नाही. तिनं पाण्याचा ग्लास खाली ठेवला आणि म्हणाली, ‘पप्पा, मला खोटं वचन द्यायचं नाही. म्हणून मीच विचारते. माझ्याकडून होईल ते सगळं, म्हणजे नक्की किती?’

कुणालाच उत्तर देता आलं नाही. मला तर नाहीच. पण इंजिनिअरिंगला आल्यापासून सवय लागलीय, की प्रॉब्लेम सुटला नाही तर आधी ‘गिव्हन’ लिहून काढायचं. आम्हाला घरी नक्की काय शिकवलं गेलं? कुणी? कसं?

शाळेतलं शिकवणं सोपं होतं. आठवड्यातून ठरलेल्या तासाला वर्गाचे दोन भाग व्हायचे. बाकीच्या मुली ‘मॉरल सायन्स’ला आणि आम्ही ‘कॅटेकिझम’ला. सिस्टर प्रश्न विचारायच्या, आम्ही उत्तर द्यायचो, शब्द न् शब्द ठरलेला. ही पद्धत फार जुनी आहे. फादर स्टीफन्सचं आणखी एक पुस्तक आहे, कोकणीतलं, त्यांच्या मृत्यूनंतर १६२२ साली छापलेलं, तेसुद्धा प्रश्नोत्तरांचंच. म्हणजे बघा, चारशे वर्षं व्हायवा चालू आहे! आणि व्हायवाचं जे होतं तेच त्याचं झालं. दहावीनंतर मला त्यातली निम्मी उत्तरं आठवत नाहीत. बाकीची इंग्रजीत आठवतात, जशी न्यूटनच्या नियमांची व्याख्या आठवते, तशी.

घरातलं शिकवणं आजीचं. आजी आता सत्तर-पंचाहत्तरीच्या पुढे आहे. तिच्या लहानपणी मिस्सा लॅटिनमध्ये असायची. दुसरी व्हॅटिकन परिषद (१९६२ ते १९६५) झाली आणि त्यानंतर चर्चमधली उपासना लोकांच्या भाषांमध्ये आली. त्याआधी आजी आणि तिच्या मैत्रिणी लॅटिन उत्तरं घोकायच्या, अर्थ विचारायचा नाही. तिला त्यातलं थोडंफार अजून येतं, आणि लहर लागली की आमच्यावर छाप पाडायला म्हणून दाखवते. मी एकदा तिला विचारलं, ‘मग तुला देव कळला कुठे?’ ती म्हणाली, ‘घरी. चर्चमध्ये ऐकायचं, घरी कळायचं.’ तिच्या आईनं तिला प्रार्थना आपल्या भाषेत शिकवल्या होत्या, चुलीपाशी.

आजी भाजीवाली. आमच्या वाडीतला माठ, पालक, मुळा टोपलीत घालून पहाटेच्या लोकलनं दादरला न्यायची. त्यामुळे आदल्या संध्याकाळी ओसरीवर भाजीचा ढीग आणि जुड्या बांधायला सगळं घर. चर्चची सातची घंटा झाली की माळ सुरू व्हायची, पण आजीच्या हातात माळ नसायचीच, जुडी असायची. माळेत दहा-दहा मण्यांचे पाच भाग असतात. प्रत्येक भागाच्या आधी प्रभूची प्रार्थना आणि मग दहा वेळा नमो मारिया. आजीचा हिशोब असा, की दहा जुड्या बांधून झाल्या म्हणजे एक भाग झाला. पाच भाग म्हणजे पन्नास जुड्या. आम्ही चिल्लीपिल्ली मध्येच झोपायला लागलो की ती प्रार्थना न थांबवता पायाने ढोसायची! मी आकडे मोजायला शाळेत शिकले असं प्रगतिपुस्तक म्हणतं. खरं तर मी माळेवर शिकले.

बायबलात ‘अनुवाद’ नावाचं एक पुस्तक आहे. (नाव वाचून भाषांतराचं वाटतं, पण ते मोशेच्या नियमांचं आहे.) त्याच्या सहाव्या अध्यायात सांगितलंय, की देवाच्या आज्ञा मुलांना शिकवा, कधी, तर घरात बसलेले असताना, वाटेनं चालताना, झोपताना आणि उठताना. शाळेचा तास त्या यादीत नाही. पुढे मार्टिन ल्यूथर यांनी १५२९ साली जो छोटा कॅटेकिझम लिहिला, तो घरच्या कर्त्यानं आपल्या कुटुंबाला शिकवावा म्हणूनच. आणि आमच्या कॅथलिक चर्चच्या त्याच व्हॅटिकन परिषदेनं १९६४ साली म्हटलं, की कुटुंब हे जणू घरातलं चर्च आहे आणि मुलांना श्रद्धेची पहिली ओळख आईवडिलांनीच आपल्या बोलण्यातून आणि वागण्यातून करून द्यायची. एकमेकांशी न पटणाऱ्या लोकांचंही या एका बाबतीत पटलेलं दिसतं.

यातलं ‘वागण्यातून’ हे मला एका ताटामुळे कळलं. पप्पांचं आणि चुलत आजोबांचं विहिरीच्या पंपावरून भांडण झालं होतं. दोन वर्षं बोलणं बंद. मी तेव्हा चौथीत. नाताळच्या आदल्या दिवशी घरात करंज्या झाल्या, केक झाला. आजीनं सगळ्यात मोठं ताट भरलं, वर विणलेला रुमाल टाकला आणि मला म्हणाली, ‘हे त्यांच्याकडे नेऊन दे.’ पप्पा आत होते, त्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाली. मी म्हटलं, ते घेणार नाहीत. आजी म्हणाली, ‘घेणं त्यांच्याकडे. देणं आपल्याकडे. भांडण घेऊन रात्री गोठ्यापुढे उभी राहू का मी?’ ताट रिकामं परत आलं नाही, त्यात त्यांच्या घरची नानकटाई आली. पंपाचं भांडण त्या दिवशी मिटलं नाही, पुढे वर्षभर चाललं. पण ताट दरवर्षी जात राहिलं आणि येत राहिलं. आधी भावाशी समेट कर आणि मगच वेदीवर अर्पण वाहा, असं प्रभू येशूनं सांगितलंय, हे मला पुढे कॅटेकिझमच्या तासाला शिकवलं. सिस्टर फळ्यावर लिहीत होत्या आणि मला मात्र फळ्यावर तो विणलेला रुमाल दिसत होता.

इथपर्यंत वाचून वाटेल, की मग काय, आजी आहे, सगळं आलबेल. तसं नाही. माझा चुलत दादा आहे, ताईच्याच वयाचा. तोही त्याच ओसरीवर बसून त्याच जुड्या बांधायचा. आमच्यात सगळ्यात खणखणीत आवाज त्याचा, मिस्सेत वाचन तोच करायचा. आता बेंगळुरूला असतो आणि चर्चला जात नाही. ‘माझा विश्वास राहिला नाही’ असं त्यानं सरळ सांगितलंय. काकी अजून त्या विषयावर बोलू शकत नाही. त्या रात्री ताईनं पप्पांना हेच म्हटलं, ‘दादाचे आईवडील तर दोघंही कॅथलिक आहेत ना पप्पा? घरी रोज माळ होती ना?’ पप्पांनी ताटात पाणी ओतलं आणि उठले. तिचं बोलणं खरं होतं आणि म्हणूनच फार लागणारं होतं.

सुट्टी संपवून होस्टेलला आले आणि हा विषय रूमवर काढला. (आमच्या रूमवर कुठलाही विषय निघू शकतो, फक्त परीक्षेच्या आदल्या रात्री. तसाच तो निघाला.) एक रूममेट म्हणाली, ‘लहान मुलांना धर्म शिकवायचाच कशाला? अठरा वर्षांची झाली की ठरवतील स्वतःचं स्वतः.’ दुसरी साताऱ्याची, तिच्या घरी तिन्हीसांजेला दिवा लावून शुभंकरोति व्हायचं. ती म्हणाली, ‘आईनं मला विचारून शिकवलं नाही, खरंय. पण तिनं मला मराठीसुद्धा विचारून शिकवलं नाही. आज मी दिवा लावत नाही, तरी दिवेलागणीला मेसमध्ये असले की मला घर आठवतं.’ पहिली म्हणाली, ‘भाषा शिकवली म्हणून कुणी दुसऱ्या भाषेला खोटी म्हणत नाही. धर्मात म्हणतात.’ यावर आम्ही तिघीही गप्प झालो. तिचा मुद्दा बरोबर होता. मुलाला आपलं देताना दुसऱ्याचं वाईट आहे असंही त्याच हातानं देता येतं, आणि ते फार लवकर पाठ होतं. मी आठवून पाहिलं. आजीनं आम्हाला असं काही दिलं होतं का? दादरच्या बाजारात तिच्या शेजारी बसणारी बाई मंगळवारी सिद्धिविनायकाला जायची, तेव्हा तिची टोपली आजी सांभाळायची. आम्हाला एवढंच माहीत होतं. त्यावर आजीनं कधी प्रवचन दिलं नाही.

त्याच आठवड्यात लायब्ररीतून ‘स्मृतिचित्रे’ आणलं. शाळेच्या पुस्तकात धडा होता तेवढाच माहीत होता. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाईंनी १९०० साली. मधली पाच वर्षं नवरा ख्रिस्ती, बायको हिंदू आणि दोघांच्या मध्ये त्यांचा लहानगा दत्तू. ताईला वाटतंय की तिचाच प्रश्न नवा आहे. तो सव्वाशे वर्षांपूर्वी याच महाराष्ट्रात, याच भाषेत, फार मोठी किंमत देऊन कुणीतरी जगून झालाय. मी तिला पुस्तकाबद्दल फोनवर सांगितलं. ती म्हणाली, वाचते. पण मला आजी काय म्हणते ते हवंय. मी मात्र तिला विचारू शकत नाही, मला रडू येईल. तू विचार.

म्हणून पुढच्या रविवारी मी आजीला फोन लावला. आजी फोनवर ओरडून बोलते, वसईपासून इथपर्यंत आवाज तिनंच पोचवायचाय अशी तिची समजूत आहे. मी विचारलं, ‘आजी, ताई एकटी कशी शिकवणार गं मुलांना?’

आजी आमच्या बोलीत जे म्हणाली ते मराठीत सांगायचं तर असं : ‘मी तरी कुठं शिकवायला बसले होते? मला माळ म्हणायची होती. आणि भाजी बांधायची होती. तुम्ही आपले तिथं होतात. तिला सांग, तू तुझी माळ सोडू नको. पोरांना दिसू दे. बाकी देवाचं काम देवाला करू दे, सगळं आपणच केलं तर तो काय करणार?’

मग जरा थांबून म्हणाली, ‘आणि नवऱ्याच्या देवाला नावं ठेवू नको म्हणावं. पोरं तेच आधी शिकतात.’

मी विचारलं, ‘आणि दादा?’ फोनवर बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज. मग आजी म्हणाली, ‘त्याच्या नावानं रोज एक भाग म्हणते. तो चोवीस तारखेला येतो ना, गोठा करायला? येतो ना? मग झालं.’ खरंय. दादा दरवर्षी येतो, गवत आणतो, दिव्यांच्या माळा तपासतो, रात्री गोठा पूर्ण करतो आणि आम्ही सगळे मिस्सेला निघालो की घर राखायला थांबतो. आजी त्याला ‘चल’ म्हणत नाही आणि ‘का येत नाहीस’ असंही विचारत नाही. निघताना त्याच्या कपाळावर अंगठ्यानं क्रूसाची खूण करते. तोही वाकतो. ती बुटकी आहे ना.

तेव्हा पप्पांच्या प्रश्नाचं माझं उत्तर मला इतकंच सापडलंय. ताईनं ‘माझ्याकडून होईल ते’ असं वचन द्यायचंय. ‘माझ्या मुलांकडून होईल ते’ असं नाही. घरातल्यांनी म्हणायचं, वागायचं, ताट पाठवायचं. पुढचं मुलं ठरवतील, आणि ती ठरवणारच. लहानपणी मला एका गोष्टीचं फार आश्चर्य वाटायचं. ज्या आजीपुढे पप्पा, काका, भाजीचे दलाल, सगळे नमून असायचे, ती आजी रोज संध्याकाळी गुडघ्यावर बसून दुसऱ्या कुणापुढे तरी नमायची. तो कोण असेल, हा प्रश्न मला तेव्हा पडला. माझा बाकीचा सगळा धर्म त्यानंतरचा आहे, आणि त्याचं उत्तर शोधणं अजून चालू आहे.

ताईनं माझ्यावर एक काम सोपवलंय. आजीच्या प्रार्थना आणि गोष्टी एका वहीत लिहून काढायच्या, तिला सासरी न्यायला. मी दोनशे पानी लाँगबुक घेतलंय. सवयीनं पहिल्या पानावर ‘इंडेक्स’ आखला. रोज रात्री जेवणानंतर फोन, आजी ओरडून सांगते, मी कॉरिडॉरमध्ये बसून लिहिते, येणाऱ्याजाणाऱ्या मुली विचारतात की कुठल्या विषयाच्या नोट्स आहेत. भाजीच्या जुडीची गाठ कशी मारायची हेही आजीनं त्यात लिहायला लावलंय. डोंबिवलीच्या फ्लॅटमध्ये ते कशाला लागेल, हे मी विचारलं नाही.

परवा फोन लावला तर आजीच्या आधी पप्पा बोलले. म्हणाले, ‘त्या वहीत गोन्सालो गार्सियाची गोष्ट आली का?’ संत गोन्सालो गार्सिया आमच्या वसईत जन्मलेले. व्यापार सोडून फ्रान्सिस्कन संघात गेले आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी जपानमध्ये नागासाकीला आणखी पंचवीस जणांबरोबर क्रूसावर मारले गेले. १८६२ साली त्यांना संतपद मिळालं. गास गावात त्यांच्या नावाचं चर्च आहे. मी लहान असताना पप्पा मला सायकलवर पुढे बसवून तिथे नेत आणि वाटेत ही गोष्ट सांगत. मी म्हटलं, ‘नाही आली अजून.’

‘मग घे लिहून,’ पप्पा म्हणाले. ‘आजीला वर्षं नीट आठवत नाहीत.’

चाळीस मिनिटं सांगत होते. मध्येच थांबून म्हणाले, ‘जहाजाचं वर्णन जरा जास्त लिही, पोरांना जहाज आवडतं.’